ऑपरेशन लगेच न केल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर,

शिडीवरून पडलो त्या दिवशी मी तुमच्यावर रागावलो होतो, हे आधी सांगून टाकतो. टाचेच्या हाडाचा चुरा झालाय, सांधाही खचलाय, असं तुम्हीच म्हणालात आणि वर म्हणालात, "ऑपरेशन आज नाही. आधी सूज उतरू दे."

पाय उशांवर ठेवून मी अकरा दिवस काढले. घरच्यांना वाटायचं, उपचारच होत नाहीयेत. तुम्ही मात्र रोज येऊन टाचेच्या बाहेरच्या बाजूची कातडी निरखायचात आणि "अजून नाही" म्हणायचात. तिथली कातडी पातळ असते, सुजून ताणलेली असताना चीर दिली तर कडा काळ्या पडतात, जखम उघडी राहते आणि संसर्ग हाडाला बसवलेल्या धातूच्या प्लेटपर्यंत पोचतो, हे तुम्ही माझ्या बायकोला दोनदा समजावलंत. सिगारेटही त्याच कारणासाठी बंद करायला लावलीत. बाराव्या दिवशी कातडीवर बारीक सुरकुत्या दिसल्या, म्हणजे सूज उतरली होती, आणि तुम्ही म्हणालात, "उद्या करू."

पडलो तेव्हा दुखत होती फक्त टाच, पण तुम्ही कंबरेचेही फोटो काढायला लावलेत. उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाचा मणकाही मोडलेला असू शकतो, हे मला कुठे ठाऊक होतं!

तुम्ही कागदावर काढलेलं चित्र मी जपून ठेवलंय. टाचेचं हाड आतून स्पंजासारखं. वरचं हाड पाचरीसारखं त्यात घुसतं आणि सांध्याचा पृष्ठभाग खाली दाबला जातो. हाड किती खचलंय हे ज्यावरून कळतं, तो टाचेच्या हाडाचा कोन साधारण 20 ते 40 अंश असतो; माझ्या एक्स-रेत तो जेमतेम 5 उरला होता. खचलेला भाग वर उचलला की खाली पोकळी राहते. "सगळ्यांना हाड भरावं लागत नाही, पुष्कळदा प्लेट आणि स्क्रूच पुरतात. तुमची पोकळी किती मोठी आहे ते आत बघून ठरवू," असं तुम्ही आधीच सांगितलंत. शेवटी कंबरेच्या हाडातून तुकडे काढून भरावे लागले. पहिले चार दिवस टाचेपेक्षा कंबरच जास्त ठणकली, पण तेही तुम्ही आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून घाबरलो नाही. ते तुकडे म्हणजे नुसता आधार, हळूहळू त्यांची जागा शरीराचं स्वतःचं नवं हाड घेतं, हे ऐकून फार धीर आला.

मग दहा आठवडे कुबड्या, पायावर अजिबात भार नाही. टाके एका जागी उशिरा सुकले तेव्हा ड्रेसिंगला तुम्ही स्वतः थांबायचात. ते मी विसरणार नाही.

टाच आत-बाहेर पहिल्यासारखी वळणार नाही, खडबडीत जमिनीवर जपावं लागेल, हेही तुम्ही लपवलं नव्हतंत. तसंच आहे. उतारावर पाय अजून अडखळतो, थंडीत टाच आखडते. पण काल जिना एकेक पायरी थांबत नव्हे, सरळ चढलो, आणि वर पोचल्यावर पहिल्यांदा तुम्हालाच कळवावंसं वाटलं.

आपला ऋणी,
टाचेचा पेशंट