मासेमारीच्या संशोधनाला सलग निधी हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणेश पेठेतील मासळी बाजाराची आवक आणि भाव पुण्यातील दैनिकांत नेमाने छापून येतात. पापलेटचे कडक, मोठे, मध्यम, लहान आणि भिला असे वर्ग त्यात असतात. भाव चढला की तो आपल्याला लगेच जाणवतो. पण मासा कमी झाला, दुसरीकडे गेला, की पुरता वाढण्याआधीच जाळ्यात आला, हे त्या रकान्यातून कळण्याची सोय नाही. या प्रश्नांची उत्तरे शोधणाऱ्या संशोधनासाठी राज्य सरकारने कायमस्वरूपी निधी बाजूला काढावा, अशी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

समुद्र तापतो आहे याविषयी आता शंका उरलेली नाही, आणि ते दाखवून देणारे महत्त्वाचे काम आपल्याच शहरात, पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत झाले आहे. डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार पश्चिम हिंद महासागरातील वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले. पृष्ठभागाचे पाणी तापून हलके झाले की ते खालच्या थंड पाण्यात सहजासहजी मिसळत नाही. त्यामुळे तळाकडची पोषक द्रव्ये वर येत नाहीत आणि ज्या प्लवकावर तारलीपासून सुरमईपर्यंत सगळी साखळी उभी आहे तेच उपाशी राहते. २०२४ मधील त्यांच्याच अभ्यासात, वर्षाला सुमारे २० दिवस असणाऱ्या सागरी उष्णतेच्या लाटा या शतकात २२० ते २५० दिवसांपर्यंत जाऊ शकतील, असा अंदाज मांडला आहे. २०२० चे ‘निसर्ग’ आणि २०२१ चे ‘तौक्ते’ ही वादळे कोकणवासीय विसरलेले नाहीत, तेव्हा वादळांविषयी वेगळे लिहीत नाही.

पाषाणला काढलेला हा अंदाज कोकण किनाऱ्यावरील हर्णैच्या किंवा सातपाटीच्या तांडेलाला (नौकेच्या प्रमुखाला) उपयोगी पडायचा, तर मधला मोठा दुवा जुळावा लागतो. पाणी एका अंशाने तापले तर बोंबील किती खोल जाईल, पापलेटची अंडी कधी परिपक्व होतील, बांगड्याचे थवे कोणत्या महिन्यात कोणत्या किनाऱ्याला लागतील, याची उत्तरे हवामानाच्या गणितातून आपोआप निघत नाहीत. त्यासाठी माशांचा अभ्यास वर्षानुवर्षे करावा लागतो. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली होती आणि २०२१ मध्ये हा आकडा साडेतीन हजार टनांच्याही खाली आला. ही घसरण केवढी आहे हे ठामपणे सांगता आले आणि तिचा समुद्राच्या बदलत्या स्थितीशी असलेला संबंध तपासता आला, तो केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेकडे बंदरांवर उतरणाऱ्या मासळीच्या अनेक दशकांच्या नोंदी होत्या म्हणून.

आपल्याकडे मासळी घटली की पारंपरिक मच्छीमार पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढून खालून आवळले जाणारे मोठे जाळे) आणि एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीकडे बोट दाखवतात, तर यांत्रिक नौकांचे मालक हवामानाकडे. पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडी मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये मनाई केली, तरी वाद मिटलेला नाही. माझ्या मते अतिरेकी मासेमारीचा वाटा मोठा आहे आणि हवामानबदलाची ढाल पुढे करून तो कोणालाही झाकता येऊ नये. परंतु दोन्ही कारणांचा वाटा प्रत्येक जातीच्या माशासाठी वेगवेगळा काढता आला तरच नियम न्याय्य होतील. एरवी ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने ते वाकतील.

पावसाळी मासेमारी बंदीचेच पाहा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस केंद्राने ठरवले आहेत, कारण अनेक जातींचा विणीचा हंगाम या काळात येतो. तापलेल्या पाण्यात हा हंगाम पुढेमागे सरकला, तर उपाशीपोटी पाळलेली बंदी चुकीच्या आठवड्यांत पडेल. तो सरकला की नाही हे पाहण्यासाठी दर महिन्याला, त्याच बंदरावर, मासा चिरून गाभोळी (पोटातील अंडी) किती भरली आहे याची नोंद घ्यावी लागते. मासळी साफ करणाऱ्या कोळणींच्या हाताखालून ती रोज जात असते. त्यांना मानधन देऊन या नोंदींत सामील करून घेतले, तर शास्त्रज्ञांना नमुने मिळतील आणि निष्कर्षांवर कोळीवाड्यांचा विश्वासही बसेल.

पाण्याच्या मोजमापाचेही तसेच आहे. उपग्रहाला फक्त पृष्ठभाग दिसतो आणि पावसाळ्यात ढगांमुळे पाण्यातील हरितद्रव्याच्या नोंदी तुटतात. खोल समुद्रात तरंगती स्वयंचलित यंत्रे दोन हजार मीटरपर्यंत मोजमाप करतात, पण किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात ती चालत नाहीत आणि आपला बोंबील तर तिथेच राहतो. न्यूझीलंडमध्ये मच्छीमारांच्या जाळ्यांना व सापळ्यांना तापमापक बांधून अशा नोंदी मिळवल्या गेल्या आहेत. पालघरपासून रायगडपर्यंतच्या डोलकरांचे डोल जाळे तर समुद्रात ठरलेल्या जागी बांधलेले असते आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहावर मासे धरते. एकाच जागेवरच्या सलग नोंदी घेण्यासाठी याहून सोयीची व्यवस्था कुठे मिळणार? या डोल जाळ्याच्या दोरावर तापमान आणि क्षारता मोजणारे छोटे उपकरण बसवण्याचा खर्च एखाद्या जेट्टीच्या खर्चापुढे नगण्य ठरेल.

पैसा नाही असे म्हणता येत नाही. २०२० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०,०५० कोटी रुपयांची होती आणि २०२१ मध्ये मंजूर झालेले खोल समुद्र अभियान ४,०७७ कोटींचे. बंदरे, शीतगृहे, नौका यांवरचा खर्च आवश्यकच आहे. अडचण अशी, की संशोधनाला मिळणारी रक्कम बहुधा दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या रूपाने येते. प्रकल्प संपला की कंत्राटावरचे संशोधन सहायक जातात, उपकरणे कपाटात जातात आणि नोंदींची मालिका तुटते. मध्येच खंड पडलेल्या मालिकेवरून हवामानबदलाविषयी फारसे काही सांगता येत नाही. त्यासाठी किमान वीस वर्षांची हमी हवी.

रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि पाषाणची हवामान संस्था एकमेकींपासून एका दिवसाच्या अंतरावर आहेत. या तिघींना बांधून घेणारा करार राज्य सरकारने पुढाकार घेऊन करावा. बंदरे आणि मत्स्यव्यवसायाच्या अनुदानांवर होणाऱ्या खर्चातील दर शंभर रुपयांमागे किमान एक रुपया या कामासाठी राखावा. आणि येत्या अर्थसंकल्पात त्याचे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडून, जमा होणाऱ्या नोंदी दरवर्षी मराठीतून मच्छीमार सहकारी संस्थांना द्याव्यात.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे