आठवडे बाजाराला पत्ता द्या: पणन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पणन मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी कोथरूडला राहते, माहेर पुरंदर तालुक्यातलं. त्यामुळे मेथीच्या जुडीच्या दोन्ही टोकांना माझीच माणसं आहेत. एका टोकाला ती बांधणारा चुलतभाऊ, दुसऱ्या टोकाला टीव्हीसमोर बसून ती निवडणारी मी. मधल्या तीस-पस्तीस किलोमीटरांत काय होतं, त्याबद्दल हे पत्र.

२०१६ च्या जुलैत सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्याच सुमारास पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचं अभियान हाती घेतलं. पुढच्याच महिन्यात मुंबईत थेट विधान भवनाच्या आवारात भाजीचे स्टॉल लागले, मुख्यमंत्र्यांनी उद्‌घाटन केलं. अरणच्या मळ्यात भाजी पिकवणाऱ्या संताचं नाव या कामाला दिलं, हे मला फार आवडलं होतं. अजूनही आवडतं. तक्रार नावाबद्दल नाहीच.

गेली आठ वर्षं मी पुण्यातले तीन बाजार आलटून पालटून फिरते. एक माझ्या घराजवळचा, दुसरा बाणेरच्या बाजूला बहिणीच्या सोसायटीजवळचा आणि तिसरा नदीपलीकडचा, ज्याचं ठिकाण मी लिहिणार नाही. तिन्हीकडे फलक एकच, 'शेतकरी ते थेट ग्राहक'. बाकी साम्य तिथेच संपतं.

आमच्या बाजारात वीसेक स्टॉल. साडेपाचला पेन्शनर मंडळी येतात, सहानंतर नोकरीवरून परतणाऱ्या बायका. इथे चाकवत, अंबाडी, करडई आधी संपते. गिऱ्हाईक जुडी उलटी करून मुळं बघतं, "ही कालची दिसते हो" असं म्हणतं आणि तरीही घेतं. बाणेरकडे गर्दीच सातनंतर सुरू होते. घासाघीस नाही, मोबाइल पुढे करून स्कॅन केलं की झालं. पण तिथे चाकवत ओळखणारं माणूस शोधावं लागतं. भावाने एकदा हौसेने अंबाडीच्या साठ जुड्या तिकडे नेल्या, पंचावन्न परत आणल्या. पाच गेल्या त्यातल्या दोन माझ्या बहिणीने लाजेकाजेस्तव घेतल्या. शेजारच्या स्टॉलवर ब्रोकोली, झुकिनी आणि चेरी टोमॅटो दीड तासात साफ. ते बघून भावाच्या मुलाने पुढच्या हंगामात पाच गुंठ्यांवर ब्रोकोली लावली. आता भाऊ बाणेरला ब्रोकोली नेतो आणि कोथरूडला पालेभाजी. कुठल्या पेठेला काय खपतं, कुठे जुडी मोठी बांधायची आणि कुठे दोन माणसांपुरती, हे कळायला त्याला दोन वर्षं लागली. ते त्याला कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात मिळालं नव्हतं. एकाच जागेवर दर आठवड्याला उभं राहून मिळालं.

आणि नेमकी तीच जागा टिकत नाही, साहेब.

आमचा बाजार आठ वर्षांत चार वेळा हलला. आधी शाळेच्या मैदानावर भरायचा, परीक्षा आल्या म्हणून बंद झाला. मग देवळाशेजारी, तिथे गणपतीचा मांडव पडला. मग एका मोकळ्या प्लॉटवर चांगलं बस्तान बसलं, तर एक दिवस पत्रे ठोकलेले, आत पोकलेन. आता रस्त्याच्या कडेला आहे, तोही कुणाच्या तरी शब्दावर. भरवणारा शेतकरी गट आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर ठिकाण कळवतो. ज्या आजी फक्त बटणाचा फोन वापरतात त्या पिशवी घेऊन जुन्या जागी येतात, पत्रे बघतात आणि परत जाताना कोपऱ्यावरच्या गाडीवरून भाजी घेतात. पुढच्या आठवड्यात सरळ गाडीवरच जातात. दर वेळी बाजार हलला की अर्धं गिऱ्हाईक असं गळतं.

याचा हिशेब भावाच्या वहीतून सांगते. मेथीच्या तीनशे जुड्या गुलटेकडीच्या घाऊक बाजारात नेल्या आणि शेकडा पाचशेचा भाव मिळाला, तर दीड हजार झाले. २०१६ पासून आडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याकडून घ्यायची नाही असा नियम आहे, ठीक. पण टेम्पोचा वाटा, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर (विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर) सातशे-आठशे उरतात, आणि त्यात बियाणं, खत, निंदणीची मजुरी अजून धरलेली नाही. आठवडे बाजारात दोनशे जुड्या पंधराने गेल्या तर तीन हजार. टेम्पो, स्टॉलचं भाडं, चहा-वडापाव काढूनही दुपटीच्या वर हातात राहतं. त्यासाठी पहाटे दहिवर अंगावर घेत मेथी उपटायची, जुड्या बांधून ओल्या बारदानात गुंडाळायच्या, दिवे घाट उतरून अख्खं शहर ओलांडून तीनच्या आत पोचायचं. भावाची त्याला हरकत नाही. मात्र जागा बदलल्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या ऐंशीच जुड्या गेल्या. आठला 'दहाला तीन' ओरडून झालं, तरी शंभर उरल्या. त्या त्याने रात्री अकराला घरी नेऊन शेळ्यांपुढे टाकल्या. वहिनी म्हणाली, "पंधरा रुपयाची जुडी खाणारी शेळी आपल्याकडंच असंल."

तिसरा बाजार कधीच हलला नाही. तिथे दिव्यांची रोषणाई आहे, गर्दी रेटारेटीची आणि भाव सगळ्यात कमी. म्हणून मीही जाते, खोटं कशाला बोलू? पण तिथे मांडलेल्या सफरचंदांवर आणि किवीवर कंपनीचे स्टिकर असतात. एकाला विचारलं, "दादा, गाव कुठलं?" तो म्हणाला, "ताई, घ्यायचं तर घ्या." व्यापाऱ्यावर माझा राग नाही. तोही पहाटे तीनला उठतो, त्यालाही घर आहे. फक्त त्याने व्यापारी म्हणून बसावं. बारा महिने सगळा माल ठेवणाऱ्याच्या शेजारी मोसमातल्या दोन भाज्या घेऊन बसलेला शेतकरी टिकत नाही. त्या बाजारात सुरुवातीला दिसलेले पुरंदर आणि मुळशीचे चेहरे आता मला दिसत नाहीत.

हे दोन्ही प्रश्न नवे नाहीत आणि त्यांची उत्तरंही शोधून झालेली आहेत. अखंड आंध्र प्रदेशात १९९९ च्या जानेवारीत रयतू बाजार, म्हणजे शेतकऱ्यांचे थेट विक्रीचे बाजार, सुरू झाले. सरकारने त्यांना कायमच्या जागा दिल्या, प्रत्येक बाजारावर एक अधिकारी नेमला, शेतकऱ्याची शेतावर पडताळणी करून ओळखपत्र दिलं आणि दारात रोजच्या दराचा फळा लावला. हैदराबादला एर्रागड्डा किंवा मेहदीपट्टणमचा रयतू बाजार कुठे आहे हे रिक्षावाल्याला विचारावं लागत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात तमिळनाडूत, मदुराईला, पहिली उळवर संदै (शेतकरी बाजार) उघडली. तिथे शेतकऱ्याकडून भाडं घेत नाहीत आणि वजनकाटाही सरकारच देतं. तिथेही व्यापारी घुसतात, तिथेही ओरड होते. पण बाजार आज कुठे आहे, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही.

लांब कशाला जायचं, आपली मंडईच बघा. १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडली, आजही उभी आहे आणि आजही तिथे भाजी विकली जाते. (जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांचा या इमारतीच्या खर्चाला विरोध होता. पुढे नाव मात्र त्यांचंच लागलं. पुण्यात असं चालतं.)

मला दगडी इमारत नको आहे. आठवड्यातून एक दुपार, सहा तास, तीच जागा हवी आहे आणि ती लेखी हवी आहे. जागा नाही असं कुणी सांगेल तर माझ्याबरोबर एक चक्कर मारावी. आमच्याच भागात महापालिकेने बांधलेलं एक ओटा मार्केट आहे. ओट्यांवर कुत्री झोपतात, नळाला पाणी नाही आणि विक्रेते बाहेर रस्त्यावर बसतात. मोठ्या गृहप्रकल्पांतून पालिकेच्या ताब्यात आलेल्या ॲमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जागा, कुंपण घालून पडून आहेत. अडचण अशी की बाजार तुमच्या खात्याचा आणि जमीन महापालिकेची, म्हणजे नगरविकासची. शेतकरी गट एकीकडे गेला की दुसरीकडे पाठवतात. आमच्या गटाच्या अर्जाला एका कार्यालयाने दिलेलं उत्तर मी वाचलं आहे: "सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही." हे दोन खात्यांचं भांडण तुम्ही आणि नगरविकास मंत्र्यांनी एका बैठकीत मिटवण्यासारखं आहे. पाच वर्षांचा करार, वार आणि वेळ ठरलेली, पाण्याचा नळ, एक स्वच्छतागृह. स्वच्छतागृहाचं विसरू नका. भावाबरोबर येणारी वहिनी दुपारपासून पाणी पीत नाही. कारण मी वेगळं लिहीत नाही.

ओळखपत्राचं काम त्याहून सोपं आहे. शेतकऱ्याचा सातबारा आणि पीकपेरा आता ऑनलाइन दिसतो. स्टॉलवर नाव, गाव आणि या हंगामातली पिकं लिहिलेली पाटी सक्तीची करा आणि महिन्यातून एकदा कुणीतरी न सांगता फिरू द्या. सफरचंद विकायला बसलेल्याच्या पाटीवर गावाचं नाव काय लिहिलंय ते मला वाचायचंच आहे. व्यापाऱ्यांना त्याच मैदानात वेगळी रांग दिली तरी चालेल, फक्त फलक वेगळा हवा.

टाळेबंदीत, २०२० च्या एप्रिलमध्ये, गुलटेकडी बंद होती तेव्हा याच गटांनी सोसायट्यांच्या गेटवर भाजीच्या पिशव्या पोचवल्या. तेव्हा आमच्या अध्यक्षांनी टेम्पोला आत जागा करून दिली होती, शेतकऱ्यांसाठी टाळ्याही वाजल्या. आता तोच टेम्पो पाच मिनिटं गेटसमोर थांबला तर वॉचमन शिट्टी मारतो.

आमचा बाजार बुधवारी भरतो. येत्या बुधवारी कुठे, ते मंगळवारी रात्री कळेल. तुम्ही येणार असाल तर आपल्या स्वीय सहायकांचा नंबर द्यावा, पत्ता पुढे पाठवते. पिशवी घरून आणावी. सातच्या आत आलात तर चाकवत मिळेल.

आपली नम्र,
कोथरूडची एक ग्राहक