आकाशवाणीकडे काय आहे, हे आधी कळू तरी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आकाशवाणी किंवा दूरदर्शनकडून माहितीच्या अधिकारात काही मागवताना महाराष्ट्रातला अर्जदार पहिली ठेच खातो ती कोर्ट फी स्टॅम्पला. तहसील, पंचायत समिती, महापालिका इथे दहा रुपयांचा स्टॅम्प चिकटवायची हाताला सवय झालेली असते. या दोन्ही संस्था चालवणारी प्रसार भारती मात्र संसदेच्या 1990 च्या कायद्याने उभे राहिलेले महामंडळ. तिथे राज्याचे नव्हे, केंद्राचे 2012 चे नियम लागू होतात आणि स्टॅम्प लावलेला अर्ज बिनशुल्काचा ठरतो. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर काढावी आणि ती लेखा अधिकाऱ्याच्या नावे असावी, केंद्रप्रमुखाच्या नव्हे. रोख भरल्यास पावती घ्यावी. ऑनलाइन करायचे तर केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवर जावे, राज्याच्या नाही. राज्याच्या नियमांतली दीडशे शब्दांची आणि 'एका अर्जात एकच विषय' ही अट तिथे नाही. 500 शब्दांत आटोपावे अशी अपेक्षा आहे, पण केवळ शब्द वाढले म्हणून अर्ज फेटाळता येत नाही. राज्यातल्या केंद्राकडे अर्ज मराठीत करता येतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6 मध्ये त्या त्या भागाची राजभाषा चालते असे स्पष्ट लिहिले आहे. अपिलाला शुल्क नाही. दुसरे अपील दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडेच जाते. ते चुकून राज्य आयोगाच्या खंडपीठाकडे गेले, तर 90 दिवसांची मुदत तिथेच खर्ची पडू शकते.

हे झाले उंबरठ्याचे. खरी गफलत होते ती काय मागावे यात.

आपल्या कायद्याची एक बाजू फारशी कुणी लक्षात घेत नाही. ब्रिटनच्या 2000 च्या माहिती स्वातंत्र्य कायद्यात 'पत्रकारिता, कला किंवा साहित्य' यांसाठी बाळगलेली माहिती बीबीसीच्या बाबतीत कायद्याच्या कक्षेबाहेरच ठेवलेली आहे. 2012 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तर असे ठरवले, की माहिती काही अंशी पत्रकारितेसाठी असली तरी ती बाहेरच राहील, मग तिचे इतर उपयोग कितीही असोत. आपल्याकडे असा पडदा नाही. प्रसार भारतीला इतर कोणत्याही सरकारी कार्यालयासारखीच कलमे लागू आहेत. बातमीपत्राची संहिता, कार्यक्रमांचा फिक्स्ड पॉइंट चार्ट (म्हणजे कोणत्या वेळी कोणता कार्यक्रम याचा ठरलेला तक्ता), त्यात बदल केल्याचा आदेश, त्या फाइलवरच्या टिपण्या हे सगळे मागता येते. लॉगबुक हा शब्द तर 'माहिती'च्या व्याख्येतच आहे.

पण अर्जात लिहिले जाते: 'सकाळचा अमुक कार्यक्रम का बंद केला, याचा खुलासा करावा.' याला 'माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर आले तर ते चुकीचेही म्हणता येत नाही. असलेला कागद द्यायचा, नवे स्पष्टीकरण तयार करून द्यायचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे. 'का' विचारू नये, कागद मागावा. 'दि. अमुकपूर्वीचा व नंतरचा फिक्स्ड पॉइंट चार्ट, बदलाचा आदेश आणि संबंधित फाइलची टिपणीची पाने' असे लिहिले की कारण आपोआप हाती येते, कारण ते टिपणीत असते.

प्रक्षेपण वारंवार बंद पडते ही तालुक्याच्या गावांची जुनी तक्रार. तिचा माग काढायचा तर हे माहीत हवे, की नोंदी दोन ठिकाणी होतात. स्टुडिओतला ड्युटी ऑफिसर कार्यक्रमाच्या बाजूने लिहितो: कोणता कार्यक्रम वेळेवर गेला, कुठे खंड पडला. प्रक्षेपकाचे लॉगबुक अभियांत्रिकी विभागाकडे असते आणि प्रक्षेपक बहुतेक वेळा गावाबाहेर. प्रक्षेपक सुरू आणि बंद झाल्याची वेळ, मीटरची वाचने, बिघाडाचे कारण हे सारे त्यात असते. नुसते 'लॉगबुक' म्हटले तर स्टुडिओतली वही दाखवली जाते आणि तिच्यात कार्यक्रम अगदी वेळेवर 'गेलेला' असतो! म्हणून दोन्ही नोंदी, तारखांसह, वेगवेगळ्या मागाव्यात.

शक्य असेल तर आधी पाहणी, म्हणजे कार्यालयात जाऊन नोंदी स्वतः बघण्याची परवानगी, मागावी. पहिला तास विनामूल्य, पुढे तासाला 5 रुपये. हवी तेवढी पाने खुणा करून घ्यायची आणि त्यांचेच पानामागे 2 रुपये भरायचे. चारशे पानांच्या वहीतली चाळीस पाने 80 रुपयांत येतात. पाहणी न करता 'संपूर्ण लॉगबुकची प्रत' मागणाऱ्याला 800 रुपयांचे पत्र येते आणि तो अडवणूक झाली म्हणून ओरडतो. 30 दिवसांत उत्तरच आले नाही तर मात्र प्रती फुकट द्याव्या लागतात, हे कलम 7(6) अर्जदाराने पाठच करावे.

नकारांपैकी सर्वाधिक ताणला जाणारा म्हणजे 'व्यापारी गुपित', कलम 8(1)(डी). लिलाव चालू असताना बोली उघड करणे चूकच. पण स्लॉट (प्रसारणाची वेळ) विकला गेला, करार झाला, त्यानंतर सार्वजनिक संस्थेला किती पैसे मिळाले हे गुपित कसे राहते? खेळांच्या प्रक्षेपणाबाबत तर 2007 च्या कायद्यानेच जाहिरातींच्या उत्पन्नातली वाटणी ठरवून दिली आहे: दूरचित्रवाणीसाठी हक्कधारकाला किमान 75 टक्के आणि प्रसार भारतीला फार तर 25, रेडिओसाठी निम्मे-निम्मे. प्रमाण कायद्यात छापलेले असताना प्रत्यक्ष रक्कम गुप्त ठेवण्याचा युक्तिवाद तकलादू आहे. तरी त्रयस्थ पक्षाला, म्हणजे ज्याच्याशी करार झाला त्याला, कलम 11 खाली नोटीस जाईल हे धरून चालावे. अशा वेळी निर्णयाची मुदत 40 दिवस होते. नैमित्तिक उद्घोषकांच्या मानधनाबाबत आता जास्त जपून लिहावे लागते, कारण 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 8(1)(जे) मधल्या सार्वजनिक हिताच्या अटी काढून नुसते 'वैयक्तिक माहिती' एवढेच शब्द ठेवले. नावे झाकून बिलांची नोंदवही मागावी (कलम 10) आणि 8(2) मधले व्यापक सार्वजनिक हित अर्जातच मांडावे.

आता मुख्य मुद्दा, संग्रहाचा. मुंबईत नियमित प्रसारण 1927 मध्ये सुरू झाले, दूरदर्शन 1972 मध्ये आले. एवढ्या वर्षांतली भाषणे, कीर्तने, श्रुतिका, मुलाखती यांपैकी काय उरले आहे? सेकंदाला 15 इंच वेगाने फिरणाऱ्या 2400 फुटांच्या टेपच्या स्पूलवर (रिळावर) जेमतेम 32 मिनिटे बसतात. टेप महाग, त्यामुळे पुसून पुन्हा वापरणे ही जगभरच्या प्रसारण संस्थांची रीत होती. जे उरले त्यातल्या काही टेपांचा लेप दमट हवेत चिकट होतो. अशी टेप थेट मशीनवर चढवली तर पहिल्याच फेरीत आवाज खरवडून निघतो. म्हणून 'प्रत काढल्यास मूळ अभिलेखाला धोका' हे कलम 7(9) मधले कारण इथे खरोखर लागू पडू शकते. त्या कलमाने फक्त माहिती देण्याचा प्रकार बदलता येतो, माहिती नाकारता येत नाही. हे वाक्य पहिल्या अपिलात जरूर घालावे. कार्यक्रमाचे डिजिटायझेशन झाले असेल तर ते कारणही उरत नाही.

दुसरा अडसर कलम 9, म्हणजे कॉपीराइट. ते राज्यसंस्थेखेरीज इतरांच्या कॉपीराइटपुरते आहे. बाहेरच्या लेखकाची श्रुतिका असेल तर अडचण समजते. केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या वृत्तरूपकाला हे कलम लावणे आम्हाला पटत नाही. अर्थात प्रत मिळाली म्हणजे ती यूट्यूबवर चढवायचा परवाना मिळाला असे नाही. प्रसारणावरचा संस्थेचा हक्क 25 वर्षे टिकतो, कृतीवरचा त्याहून अधिक.

पण हे सगळे वाद घालायचे कशावर? जे आहे ते ठाऊकच नसेल तर अर्जदार अंधारात दगड मारतो आणि माहिती अधिकारीही कपाटे धुंडाळत बसतो. कलम 4(1)(ए) ची पहिलीच आज्ञा अभिलेखांची सूची करण्याची आणि ती संगणकावर घेण्याची आहे. टेपच्या खोक्यावरच्या लेबलावर टेप क्रमांक, कार्यक्रम, सहभागी, तारीख आणि कालावधी लिहिलेला असतो. हेच पाच रकाने प्रत्येक केंद्राच्या ग्रंथालयाच्या नोंदवहीतून मराठी युनिकोडमध्ये टाइप करून संकेतस्थळावर ठेवावेत. स्कॅन केलेली तिरकी पाने नकोत, त्यांत नाव शोधता येत नाही. सहावा रकाना स्थितीचा: डिजिटल झाली, टेपवर आहे, पुसली. 'पुसली' लिहायला लाजू नये. सार्वजनिक अभिलेख कायदा 1993 मध्येच विहित पद्धतीशिवाय अभिलेख नष्ट करायला मनाई आली, आणि त्यानंतर जे गेले त्याच्या आदेशाची प्रत तरी असायला हवी. ध्वनी ऐकवण्याआधी एवढी वही उघडावी, तिला ना कॉपीराइट आडवा येतो ना टेपचा लेप.

कळावे.

माहिती अधिकाराचे काम करणारे काही वाचक