जुनी आगगाडी घासूनपुसून विकू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून सेलवर चालणारी एखादी जुनी खेळण्यातली आगगाडी निघाली की तिचे दोनच भाव सांगितले जातात. भंगारवाला पत्र्याचे वजन करतो, आणि मोबाइलवरच्या जाहिरातीत तशाच गाडीपुढे 'अँटिक, जपानी' लिहून पाच आकडी रक्कम टाकलेली असते. दोन्हींवर विसंबू नये. त्यातून घरची मंडळी गाडी लख्ख घासतात, तेल पाजतात, नवे सेल घालून 'चालू कंडिशन' करून ठेवतात आणि होती ती किंमतही घालवतात. भांडी बाजाराच्या या नाशकात वस्तू लखलखीत ठेवायची सवय मुरलेली आहे, हे खरे. पण याच जिल्ह्यात अंजनेरीला नाण्यांचे संग्रहालय आहे, आणि जुने नाणे चिंचेने घासू नये हे नाणी जमवणाऱ्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. गाडीलाही तोच नियम लावावा.

'अँटिक' शब्द आधी बाजूला ठेवू. 1972 च्या कायद्यानुसार अशी वस्तू पुरावस्तू ठरायला किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. 1950-60 च्या दशकांतली जपानी पत्र्याची गाडी त्यात बसत नाही. तिची किंमत वयावर नव्हे, मागणीवर ठरते. मासुदाया (खूण 'टी.एम.' आणि 'मॉडर्न टॉइज') किंवा नोमुरा ('टी.एन.') यांची खेळणी त्या काळी ढिगाने परदेशी गेली, त्यामुळे साध्या नमुन्याची, खरचटलेली गाडी आजही दुर्मिळ नाही.

काळ ठरवायला गाडीपेक्षा खोके जास्त कामाचे. 'ऑक्युपाइड जपान' (म्हणजे महायुद्धानंतर परक्या ताब्यातला जपान) लिहिले असेल तर माल 1952 पर्यंतचा, 'वेस्ट जर्मनी' असेल तर 1990 पर्यंतचा. देशी खोक्यावर किंमत 'नये पैसे' मध्ये असेल तर 1957 ते 1964 हा काळ धरावा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर खोके ऑगस्ट 1972 च्या आधीचे असूच शकत नाही. इंग्रजी पत्त्यात 'बॉम्बे' ऐवजी 'मुंबई' आले की बहुधा 1995 नंतरचे. आणि बारकोड दिसला की साठच्या दशकाचा दावा तिथेच संपला, विकणारा काहीही सांगो. मात्र खोके एका गाडीचे आणि आत दुसरीच, असेही चालते. खोक्यावरचे चित्र, डब्यांची संख्या आणि रंग जुळवून पाहावेत.

मग भिंग घ्या. पत्र्यावरची मूळ छपाई म्हणजे शाईचे बारीक ठिपके आणि सरळ कडा. वरून रंगवलेल्या गाडीवर ब्रशचे फराटे दिसतात आणि खिडक्यांच्या रेषा जाड होतात. अशा गाडीची किंमत खरचटलेल्या मूळ गाडीपेक्षाही कमी येते. पत्र्याचे भाग जिथे जिभा दुमडून जोडलेले असतात तिथे नीट बघा. जीभ पुन्हा पुन्हा वाकवली की रंग तडकतो, आतला पत्रा चमकतो आणि दोन-तीन खेपांत ती तुटते. दुमड चमकत असेल तर गाडी कोणीतरी उघडलेली आहे. जिभेच्या जागी नवा स्क्रू असेल तर विचारायलाच नको.

आता सेलचा कप्पा. बहुतेक गाड्या इथेच मरतात. साध्या झिंक-कार्बन सेलचे जस्ताचे डबडे हेच सेलचे भांडे असते. सेल वापरता वापरता तेच झिजते, भोक पडते, आतला आम्लधर्मी रस पाझरतो आणि पत्रा खातो. अल्कलाइन सेल फुटला तर पांढरी पूड जमते, ती अल्कधर्मी असते. म्हणून दोन्हींचे उपायही एकमेकांच्या उलट आहेत. पांढऱ्या पुडीला व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात जेमतेम ओली केलेली कापसाची काडी, झिंक-कार्बनच्या तपकिरी डागाला खाण्याच्या सोड्याचे पाणी. हातमोजे घाला, छापील भागावर थेंब जाऊ देऊ नका, शेवटी साध्या पाण्याची काडी फिरवून कोरडे करा. पितळी पट्टीवर हिरवा थर असेल तर तो निघतो. पट्टीच खाऊन गेली असेल तर किंमत उतरवून धरा. कप्प्याचे झाकण आहे ना, हेही पाहा, कारण सगळ्यात आधी हरवते ते झाकणच.

चालवून बघायचीच असेल तर सेल भरून बटण दाबू नका. चाकेही हाताने फिरवू नका, आत वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांनी फिरवला जाणारा गिअर) असेल तर उलट्या जोराने दात तुटतात. एकच दीड व्होल्टचा सेल घेऊन दोन वायरींनी कप्प्याच्या टोकांना दोन-तीन सेकंद टेकवा. मोटर गुरगुरली पण चाके हलली नाहीत, किंवा टिकटिक आवाज आला, तर धुऱ्यावर ठोकून बसवलेला प्लॅस्टिकचा गिअर तडकलेला असतो. काहीच झाले नाही तर तुटलेली वायर, मळलेला कम्युटेटर (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारी तांब्याची कडी) किंवा गोंदासारखे घट्ट झालेले जुने ग्रीस. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने धुऱ्याच्या टोकाला पुरतो. खोबरेल मुळीच नको, आपल्याकडच्या थंडीत ते थिजते. धूर काढणारे इंजिन असेल तर धुराच्या नळीत तेल नसताना चालवू नका, आतली तार जळते.

एक गैरसमज वारंवार दिसतो. रूळ नाहीत म्हणून संच अपुरा समजतात. त्या काळच्या कितीतरी जपानी गाड्या जमिनीवरच चालायच्या आणि भिंतीला आपटून आपोआप वळायच्या. त्यांना रूळ नव्हतेच. उलट 1966 पासून निघालेल्या लेगोच्या सुरुवातीच्या साडेचार व्होल्टच्या गाडीला निळे रूळ हवेतच, आणि ते मोजून घ्यावेत.

किंमत काढताना मागितलेली रक्कम पाहू नका. लिलावाच्या संकेतस्थळांवर 'विकले गेले' एवढेच दाखवणारी सोय असते. तिथे त्याच खुणेची, त्याच अवस्थेची निदान चार-पाच उदाहरणे शोधा, सगळ्यात वरची आणि खालची सोडा. परदेशातल्या डॉलरचे सरळ रुपये करू नका, त्या खरेदीदारापर्यंत पत्र्याची गाडी न चेपता पोचवायचा खर्च आपलाच असतो. न चालणारी पण स्वच्छ छपाईची, खोक्यासकट गाडी ही चालू पण गंजक्या, बिनखोक्याच्या गाडीला बहुतेक वेळा मागे टाकते.

विकेपर्यंत सेल काढून ठेवा. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झाडा. थिनर, पेट्रोल, स्पिरिट लावले की शाईच निघून येते. पावसाळ्यात हवाबंद पिशवीत ठेवाल तर आत दमट हवा कोंडून गंज चढेल. सुती कापडात गुंडाळून खोक्यात सिलिका जेलची पुडी टाका. आणि महोदय, आपली क्षमा मागून लिहितो, पण गाडी वर्तमानपत्रात गुंडाळू नये. कागद ओल धरतो आणि शाई पत्र्यावर उतरते.

आपला,
एक वाचक, नाशिक