पाण्याचा दिवस बघून ये

सोलापूर,
१० डिसेंबर

प्रिय गुंड्या,

काय बे, चार वर्षांनी येणार आणि पत्रात तारीखच नाही! "संक्रांतीच्या आसपास" म्हणे. आसपास येऊन चालत नाही लगा इथं. ते का, ते पुढं लिहितो. आधी घरचं.

काकू बऱ्या आहेत. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीआधीच झालं. थेंब बंद झाले, दीड महिन्यानं नंबर तपासून नवा चष्माही आला. आता सुई स्वतः ओवतात आणि पेपरातल्या निधन वार्ता सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात. आमच्या अण्णांचे गुडघे मात्र गेलेत. मांडी घालणं बंद, उकिडवं बसणं बंद. त्यांना तुमच्याकडं जेवायला बोलावलंस तर पाटाचा आग्रह करू नकोस, हात असलेली उंच खुर्ची ठेव. हात नसलेल्या खुर्चीतून उठायला त्यांना दोन माणसं लागतात. तायडीचं लग्न विजापूरला ठरलंय, वैशाखात. व्याह्यांशी कानडीत बोलायला मिळतंय म्हणून अव्वाची कळी खुलली आहे. धाकट्यानं माग विकले. नवे घेणार म्हणतो, पण टॉवेलचेच. चादरीत त्याला राम वाटत नाही. यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत, ते आलास की कळेलच.

आता पाणी. सिंगापुरात राहून तू हे विसरला असणार. शहराला पाणी तीन वाटांनी येतं: उजनीहून शंभरावर किलोमीटर नळानं, भीमेत सोडलेलं औज-टाकळीला अडवून, आणि थोडं हिप्परग्याच्या तलावातून. लांबच्या नळाची गंमत अशी, की पंपाची वीज तासभर जरी गेली तरी नळ पुन्हा भरायला कितीतरी वेळ जातो, टाक्या अर्ध्याच भरतात आणि सगळ्या पेठांचं रोटेशन एक दिवस पुढं सरकतं. म्हणून "चार दिवसांआड" लिहिलेलं असलं तरी हिशेब सहा दिवसांचाच धरायचा.

तुमच्या घरचा हिशेब करून बघितला. काकू एकट्या असताना हौद निम्मासुद्धा उपसत नाही. तुम्ही तिघं आलात की चार माणसं. माणशी १०० लिटर धरले तर सहा दिवसांचे २४०० लिटर. हौद २००० लिटरचा, गच्चीवरची टाकी १०००ची. म्हणजे ३००० झाले, असं वाटतं. पण हौदातला फूटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटरच्या पाइपाच्या तोंडाची झडप, तळापासून वीतभर वर आहे, त्याच्या खालचं पाणी मोटरला येत नाही. ते दोनेकशे लिटर वजा कर. राहिलेल्या २८००मध्ये भागतं, पण पोराला शॉवरखाली उभं राहायची सवय असेल तर नाही भागत. बादली आणि मग्गा काढून ठेवायला काकूंना सांगितलंय.

पाणी आल्यावर पहिली दहा मिनिटं हौदात सोडायचं नाही. नळ मधले दिवस रिकामा असतो, आतला गंज आणि गाळ पहिल्या लोटाबरोबर येतो. ते पाणी बादल्यांत धरून अंगण, संडास आणि झाडांना वापरायचं. मग हौदाचा कॉक उघडायचा. हौद भरला की लगेच मोटर लावायची, म्हणजे टाकीही भरते आणि नळ चालू असेपर्यंत हौद पुन्हा काठोकाठ होतो. अर्ध्या एचपीची मोटर आहे, टाकी भरायला पाऊण तास घेते. मोटर घूं घूं करतेय आणि पाणी चढत नाही असं झालं, तर तिला शिव्या घालत बसू नकोस. फूटव्हॉल्व्हच्या झडपेत कचरा अडकला की पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि आत हवा भरते. बंद कर, वरचं बूच काढून तांब्यानं पाणी ओतत राहा, बुडबुडे थांबले की बूच घट्ट कर आणि चालू कर. तशीच कोरडी चालवलीस तर सील जळतं.

एक मात्र करू नकोस, शेजारी कितीही सांगू देत. नळालाच थेट मोटर जोडायची नाही. ते बेकायदा आहेच, पण खरी भीती वेगळी. मोटर नळातून ओढते तेव्हा रस्त्याखालच्या फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणीही ओढलं जातं, आणि ते तुमच्याच घरात येतं असं नाही, पुढच्या चार घरांतही जातं. प्यायचं पाणी गाळून, उकळी फुटल्यावर एक मिनिट तशीच ठेवून घ्या. पोरासाठी तर नक्कीच.

साठवलेल्या पाण्याचं दुसरं दुखणं म्हणजे डास. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पिंप, रांजण, कूलरचा हौद, कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा कोरडी. नुसतं ओतून देऊन उपयोग नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही मरत नाहीत, ती काथ्यानं घासावी लागतात. हौदाच्या झाकणाला मी जाळी बसवून घेतली आहे.

वरची खोली चार वर्षं बंद आहे, तिथं तुमची झोपायची सोय केली आहे. उघडल्यावर मोरीतून वास येत होता. पाइप फुटला असेल म्हणून काकू घाबरल्या. तसं काही नव्हतं. जाळीखालच्या वाकात साठलेलं पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं, ते आटून गेलं होतं. दोन बादल्या ओतल्या, वास गेला. गीझरच्या कॉइलवर मात्र बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसलाय, ती बदलावीच लागेल. क्षारांचा थर चढला की वीज जळते आणि पाणी कोमटच राहतं.

आता तारखेचं. पोराला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, दाखवायचा असेल तर यात्रेच्या आदल्या रात्रीपर्यंत घरी पोच. संक्रांतीच्या भोवतीच्या पाच दिवसांत पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वरांच्या लग्नसोहळ्याच्या अक्षता, तिसऱ्या दिवशी होम, चौथ्याला शोभेचं दारूकाम, पाचव्याला कप्पडकळी म्हणजे वस्त्रविसर्जन. एकच दिवस निवडायचा तर अक्षतेचा. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून सातही नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, बाराबंदी घातलेल्या माणसांनी रस्ता पांढरा होतो आणि संमती कट्ट्यावर "सत्यम् सत्यम्, नित्यम् नित्यम्" म्हणत अक्षता पडतात. वाटेत मध्येच घुसायला बघू नका, नंदीध्वज पेलणाऱ्याला समोर मोकळी जागा लागते. होम मैदानावरचे पाळणे संध्याकाळी, तेही सुट्टीचा वार सोडून.

मुंबईहून दोन गाड्या सोयीच्या. सिद्धेश्वर रात्री सुटून सकाळी पोचते, ती आपली जुनीच. वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३पासून सुरू झाली. ती दुपारी निघून रात्री उशिरा पोचते आणि आठवड्यातून एक दिवस नसते, तेव्हा तिकीट काढताना वार बघ. पोर लहान आहे, मी म्हणेन सिद्धेश्वरच बरी. झोपून येईल.

वहिनींनी ज्वारीच्या भाकरीचं विचारलंय. त्यांचा हात तांदळाच्या भाकरीचा, म्हणजे उकड काढायची सवय. इथं उकड नको. आमच्या अव्वाकडून विचारून लिहितोय, शब्द तिचेच समज. दोन वाट्या मालदांडीच्या पिठाला साधारण एक वाटी उकळतं पाणी, थोडं थोडं. गहू ताणून धरतो तसा चिकटपणा ज्वारीत नसतो, कढत पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच धरून ठेवतो. तळहाताच्या टाचेनं पाच मिनिटं रगडायचं. मळून ठेवलेला गोळा चालत नाही, एका भाकरीपुरतंच मळायचं. थापल्यावर पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकायची आणि लगेच पाण्याचा हात फिरवायचा. उशीर झाला की चिरा पडतात. ते पाणी सुकत आलं की उलटायची, पूर्ण सुकू द्यायचं नाही. दळून महिना झालेलं पीठ आणू नये, ते थापताना कडेनं फाटतं आणि सगळे मात्र हाताला दोष देतात.

कडक भाकरी न्यायची असेल तर ती पातळ थापायची, वरून तीळ, आणि फुगू द्यायची नाही. शेकून झाल्यावर मंद तव्यावर फडक्यानं दाबत वाळवायची. मध्ये जाड राहिली तर तिथं ओल राहते आणि आठव्या दिवशी बुरशी धरते. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये. चांगली झाली तर महिनाभर टिकते आणि मोडताना पापडासारखा आवाज करते.

शेंगाचटणी मात्र तिथल्या मिक्सरवर करणार असाल तर जपून. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर वीस मिनिटं भाजून पूर्ण गार करा, सालं पाखडा. लसणाच्या चाळीसेक पाकळ्या, चार मोठे चमचे तिखट, दोन चहाचे चमचे जिरं आणि तीन मीठ आधी वाटून घ्या, मग दाणे. सलग फिरवलं की भांडं तापतं, तेल सुटून लगदा होतो. दोन सेकंद फिरवा, थांबा, चमच्यानं हलवा, पुन्हा फिरवा. उखळात कुटताना तेल सुटतं तेही असंच, पण दाणे चेपले जातात, चिरले जात नाहीत, म्हणून त्या चटणीचा गोळा वळतो. मिक्सरची ती चव नाही, उगीच आहे कशाला म्हणू.

सासऱ्यांसाठी चादर घ्यायची आहे ना? दुकानात नाव बघून फसू नकोस, सोलापुरी म्हणून बाहेरचा मिश्र धाग्याचा माल सर्रास विकतात. दोन्ही बाजूंना नक्षी तीच आणि रंग उलटे आहेत का बघ. कडेचा एक धागा मागून घे आणि काडी लाव. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन राख होते, बोटात चुरते. वितळून कडक मणी झाला तर चादर परत ठेव. पहिली धुणी वेगळी, गार पाण्यात, सावलीत वाळत घालायची. तांबड्याचा रंग पहिल्यांदा थोडा जातोच.

हुरडा मिळेल. जानेवारीत आगटी पेटलेल्या असतात, एखादा दिवस नान्नजच्या बाजूला जाऊ. येताना एक बॅग रिकामी आण, काकूंनी यादी केली आहे आणि ती मी बघितली आहे.

तारीख आणि गाडी लगेच कळव. आमच्या पेठेला आदल्या दिवशी पाणी आहे का ते बघून ठेवतो, नसेल तर टँकर सांगावा लागेल आणि यात्रेत टँकरवालाही मिळत नाही.

काकूंना नमस्कार सांगायची गरज नाही, त्या इथंच माझ्यासमोर बसून "अजून काय लिहायलास?" म्हणताहेत. वहिनींना नमस्कार, पोराला पापा.

तुझा,
पिंट्या