काकूंना अनावृत आभारपत्र: करू न दिलेल्या गोष्टींबद्दल

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानू लागलो की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता आणि लगेच कोणत्या तरी कुंडीकडे बोट दाखवता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. तसे लिहिण्याला आणखीही एक कारण आहे. घरी भाजीपाला लावायला निघालेल्या माणसाला सल्लागार पुष्कळ भेटतात; काय विकत आणावे, मातीत काय घालावे, पानांवर काय फवारावे हे सांगायला जो तो तयार असतो. हातातली झारी काढून घेऊन "थांब, आधी बघ" म्हणणारे माणूस मात्र क्वचितच लाभते. तसे तुम्ही लाभलात, आणि म्हणून माझे आभार मुख्यतः तुम्ही मला करू न दिलेल्या गोष्टींबद्दल आहेत.

त्यांतली पहिली म्हणजे खरेदी. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, दुधी, पालक, मेथी अशी माझी यादी तयार होती. ती बाजूला ठेवून तुम्ही मला एक पूर्ण दिवस दर तासाला गच्चीवर ऊन कुठवर आले आहे ते खडूने आखायला लावले. संध्याकाळी त्या रेघा पाहिल्या आणि यादीतली निम्मी नावे न सांगता गळली. फळभाज्यांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागते आणि तेवढे ऊन कठड्यालगतच्या एका पट्ट्यातच होते. भिंतीकडच्या बाजूला मिळणाऱ्या ३-४ तासांच्या उन्हावर पालेभाज्याच काय त्या तग धरणार होत्या. सूर्याचा मार्ग ऋतूप्रमाणे सरकतो, तेव्हा या रेघा दर ऋतूत नव्याने आखायच्या, हेही तुम्ही त्याच वेळी बजावले.

वजनाचा विचारही तुम्हीच प्रथम बोलून दाखवला. ओली माती घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते, त्यामुळे मोठी पिंपे गच्चीच्या मध्यावर न ठेवता ज्या बाजूंना खाली तुळई किंवा भिंत आहे तिथे ठेवायची, आणि मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व खत मिसळून मिश्रण हलके करायचे. मला भेटलेल्या इतर कोणीही याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. माझ्या मते गच्चीवर बाग करणाऱ्याला सगळ्यांत आधी सांगायची गोष्ट हीच आहे.

मातीलाही तुम्ही लगेच हात लावू दिला नाही. काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश माती घालून, वर पाणी भरून, ती जोराने हलवून फळीवर ठेवायला सांगितले. मिनिटा-दोन मिनिटांत जाड वाळू तळाशी बसली, पुढच्या काही तासांत तिच्यावर पोयट्याचा, म्हणजे बारीक गाळाचा, थर जमला, आणि वरचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच राहिले, कारण चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की ते खाली बसायला एक-दोन दिवससुद्धा लागतात. आमच्या मातीत भरणा या चिकणमातीचाच होता. अशी माती पाणी आणि अन्नद्रव्ये चांगली धरून ठेवते, पण मुळांना हवा मिळू देत नाही. तिच्यात थोडी वाळू मिसळली तर ती मोकळी होण्याऐवजी अधिकच घट्ट बसते, तिला हवे असते ते चांगले मुरलेले खत, हे तुमचे म्हणणे नंतर खुरपे चालवताना हातालाच पटले.

"मुरलेले" या शब्दावर तुमचा जोर असे आणि त्याचे कारणही तुम्ही नीट समजावून दिले. अर्धवट कुजलेला कचरा कुंडीत गेला की त्यातले सूक्ष्मजीव आपले उरलेले काम पुरे करण्यासाठी मातीतलेच नत्र (नायट्रोजन) ओढून घेतात आणि रोप पिवळे पडते. स्वयंपाकघरातला एक भाग ओला कचरा, त्यावर दोन-तीन भाग सुका पाला, आणि मुठीत दाबल्यावर एखादाच थेंब निथळेल इतका ओलावा, या मापावर आमचे खत आजही चालते. वास येऊ लागला की पाणी जास्त आणि पाला कमी झाला असे समजायचे. मोठ्या ढिगात उष्णता ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि रोगाचे जंतू व तणाचे बी मरते. आमच्या लहानशा डब्यात तेवढी ऊब धरत नाही, म्हणून रोगट पाने त्यात टाकायची नाहीत, हा बारकावा तुम्ही सांगितला नसता तर मला कुठून कळला असता?

पाण्याच्या बाबतीत तुमची शिस्त सगळ्यांत कडक. वरची माती सुकलेली दिसली तरी दोन पेरे बोट आत खुपसून पाहिल्याशिवाय झारी उचलायची नाही. एकदा भर दुपारी भोपळ्याची पाने छत्री मिटल्यासारखी लोंबत होती आणि मी पाणी घालायला निघालो होतो, तेव्हा तुम्ही मला तिथेच रोखून संध्याकाळपर्यंत वाट पाहायला लावली. ऊन उतरल्यावर पाने जशीच्या तशी ताठ झाली. एवढ्या रुंद पानांतून दुपारी पाणी इतक्या वेगाने उडते की मुळांचा पुरवठा मागे पडतो, मग माती ओली असली तरी पाने लवतात; सकाळी उठल्याबरोबर पाने मलूल दिसली तर मात्र काळजी करायची. टोमॅटोच्या फळाचा बुडखा काळा पडतो तोही बहुतेक वेळा कधी कोरड, कधी पूर अशा पाण्यामुळे, कारण फळाला लागणारा चुना (कॅल्शियम) त्याच्यापर्यंत पोहोचतो तो पाण्याबरोबरच.

पेरणीबद्दल थोडेच लिहितो. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरावे, धणे हलके रगडून त्यांच्या दोन फाकी कराव्यात, आणि मुळ्याची दाट उगवलेली रोपे उपटून न काढता कात्रीने कापावीत, म्हणजे शेजारच्या रोपाची मुळे हलत नाहीत, एवढे मी आता कोणालाही सांगू शकतो. विरळणी करताना जीव तुटतो, ते काही सुटलेले नाही.

सविस्तर लिहायचे आहे ते दुधीबद्दल. वेल मांडवावर चढला, फुले आली, आणि एकेक करून सगळी गळू लागली. खताचा डोस वाढवण्याच्या बेतात मी होतो आणि तुम्ही संध्याकाळी दिवेलागणीला बोलावून मला वेलाखाली उभे केलेत. दुधीची पांढरी फुले उमलतात ती ऊन कलल्यावर, आणि सकाळपर्यंत त्यांचा उत्साह संपलेला असतो, हे दिवसभर मांडव न्याहाळणाऱ्याला कळण्याचे काही कारण नाही. लांब, बारीक देठावरचे ते नर फूल आणि पाकळ्यांच्या मागे अंगठ्याएवढी, लवदार, इवलीशी दुधी घेऊन आलेले ते मादी फूल, असा फरक तुम्ही दाखवला. वेलावर पहिल्याने बहुधा नर फुलेच येतात आणि ती गळायचीच असतात. नत्र वाढवले असते तर पाने मात्र माजली असती. पुढे मादी फुले आली तेव्हा ताजे नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, मधला पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने टेकवायला शिकवले. पराग पोहोचला असेल तर ती इवली दुधी काही दिवसांत फुगू लागते, नाहीतर पिवळी पडून गळते. इतक्या लवकर आणि इतका स्पष्ट निकाल बागेतल्या दुसऱ्या कुठल्याही कामाचा लागत नाही.

फवारणीचेही तेच. चवळीच्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) दाटला होता आणि त्यातच काळसर अंगावर नारिंगी ठिपके असलेली, लांबट, काटेरी अशी एक अळी फिरत होती. दिसायला तीच सगळ्यांत दुष्ट. तुम्ही भिंग हातात दिलेत आणि ती मावा धरून खाताना दाखवलीत. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी होती, आणि तिला हुसकावायला धावणाऱ्या मुंग्या माव्याच्या गोड स्रावासाठी त्याची राखण करत होत्या. शेंड्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारण्यापलीकडे आपण काहीच केले नाही, आणि त्याआधी ती अळी तेवढी पानासकट बाजूला ठेवली.

एका मुद्द्यावर मात्र मी अजूनही तुमच्याशी सहमत नाही, आणि आभाराच्या पत्रात ते लिहू नये असा संकेत असला तरी लिहितो. प्रत्येक रोप बियांपासूनच वाढवावे हा तुमचा आग्रह नवशिक्याला जड जातो. टोमॅटो-मिरचीची पहिली रोपे रोपवाटिकेतून आणावीत आणि बियांचा सराव मेथी-मुळ्यावर करावा, असे मी आता विचारणाऱ्यांना सांगतो. बी धरायचे ते सरळ वाणाचेच, म्हणजे ज्याच्या बियांतून तसेच रोप येते अशा वाणाचे, संकरित वाणाचे नाही, एवढे तुमचे मात्र मी शब्दशः पाळले आहे. टोमॅटोचा गर दोन दिवस आंबवून, धुऊन वाळवलेले बी पुडीत बांधून तुमच्यासाठी वेगळे ठेवले आहे.

पुढच्या लावणीचा आराखडा सोबत जोडतो. टोमॅटो, वांगी, मिरची एकाच कुळातली, म्हणून त्यांच्या जागी पुन्हा त्यांतलेच काही न लावता चवळी घेतली आहे. चवळी संपल्यावर रोप उपटण्याऐवजी बुंध्याशी कापून मुळे आतच ठेवीन. चाचणीपुरत्या एका रोपाच्या मुळांवरच्या गाठी फोडून पाहिल्या तेव्हा आतून गुलाबी निघाल्या, म्हणजे त्या नत्र बांधत होत्या. वांग्याचे पिंप कठड्याच्या कोणत्या टोकाला हलवावे हे तेवढे माझे ठरत नाही, कारण खडूच्या नव्या रेघांप्रमाणे दोन्ही टोकांना जवळजवळ सारखेच ऊन आहे. सवडीने येऊन पाहावे आणि सांगावे.

आपला कृतज्ञ,
शेजारचा शिकाऊ माळी