आठ पानांऐवजी अर्धं पान

बडोदा,
रविवार दुपार

प्रिय मन्या,

आपल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या खेळासाठी तू भरलेलं कॅरेक्टर शीट (पात्राच्या आकड्यांचा कागद) आणि सोबतची पात्राच्या पूर्वायुष्याची आठ पानं, दोन्ही वाचली. फोनवर सांगण्यापेक्षा लिहूनच कळवतो, म्हणजे शीट शेजारी ठेवून सावकाश वाचता येईल.

आकडे ठीक आहेत. अडचण आठ पानांत आहे. गाव जळालं, आईवडील गेले, गुरूचा खून झाला आणि त्याचा सूडही घेऊन झाला. जे घडायचं ते कॅम्पेन, म्हणजे टेबलावरची आपली लांबलचक गोष्ट, सुरू होण्याआधीच घडून गेलंय. पहिल्या सेशनला, म्हणजे खेळाच्या पहिल्या बैठकीला, तुझा हा मारेकरी येऊन बसेल तेव्हा त्याला कोणाकडून काहीच नको असेल, आणि डीएमच्या, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याच्या, हाती धरायला दोरा उरणार नाही. मेलेली माणसं निरोप धाडत नाहीत, उसने पैसे परत मागत नाहीत, संकटात सापडत नाहीत. त्यांना जिवंत ठेव.

कॅम्पेनचं शहर चार दरवाजांचं आहे. डीएमने नकाशा आपल्या लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेटवरूनच बेतलाय, मधोमध मांडवीसुद्धा आहे. अशा शहरात मारेकऱ्यापेक्षा कारकून जास्त रंगेल असं मला मनापासून वाटतं. दरबारच्या दप्तरात मोडी कागदांच्या नकला करणारा, सुंदर अक्षराचा माणूस. त्याने एकदा पैशासाठी खोटी सनद लिहिली आणि त्या सनदेवर एका कुटुंबाचं घर गेलं. क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, तुझा तोच राहू दे: रोग (Rogue, चोरपावलांचा गडी). बॅकग्राउंड, म्हणजे त्याचा आधीचा धंदा, मात्र स्क्राइब (लेखनिक) घे.

आकडे आता नीट बसवू. तुझे सहा आकडे १५, १४, १३, १२, १०, ८ हेच ठेव. आपण २०२४ चे नियम वापरतोय, म्हणजे वाढीव गुण बॅकग्राउंडमधून मिळतात. २०१४ च्या नियमांत ते रेसमधून, म्हणजे पात्राच्या वंशातून, मिळायचे, तुझ्या शीटवर चूक झालीय ती तिथेच. स्क्राइबला डेक्स्टेरिटी (चपळाई), इंटेलिजन्स (बुद्धी) आणि विस्डम (शहाणपण) यांतच वाढ घेता येते. बहुतेक जण सगळ्यात मोठ्या आकड्यावर २ टाकतात. तू तसं केलंस तर डेक्स्टेरिटी १५ ची १७ होईल आणि मॉडिफायर (फाशाच्या आकड्यात मिळवायचा आकडा) +३ च राहील. त्याऐवजी डेक्स्टेरिटीला १ दे, ती १६ होईल. इंटेलिजन्सच्या १४ ला २ दे, तीही १६. दोन्हीकडे +३. मॉडिफायर दर दोन आकड्यांनी बदलतो, त्यामुळे विषम आकड्याला १ आणि सम आकड्याला २ हा हिशेब कायम लक्षात ठेव. कॉन्स्टिट्यूशनला (काटकपणा) १३, करिझ्माला (छाप) १२, विस्डमला १०, आणि स्ट्रेंग्थला (ताकद) ८.

रोगला पहिल्याच लेव्हलला दोन स्किल्समध्ये एक्स्पर्टीज मिळते, म्हणजे प्रोफिशियन्सीचे (सरावाचे) २ दुप्पट होतात. त्यातली एक इन्व्हेस्टिगेशनला (तपासाला) लाव: इंटेलिजन्सचे ३ आणि एक्स्पर्टीजचे ४ मिळून +७. खोटे कागद करणाऱ्यालाच खोटा कागद सगळ्यात आधी ओळखू येतो, आणि हा आकडा ते खरं करून दाखवतो. गोष्ट आणि आकडा असे एकाच दिशेला असले पाहिजेत. शूर म्हणवणाऱ्या कॅरेक्टरच्या शीटवर सगळी ताकद लपण्यात घातलेली असली की तिसऱ्या सेशनपर्यंत खेळणाराच गोंधळतो.

स्ट्रेंग्थच्या त्या ८ बद्दल मात्र थोडं थांबून सांगतो. ८ चा मॉडिफायर फक्त −१. वीस बाजूंच्या फाशावर एक म्हणजे पाच टक्के, आणि टेबलावर कोणाला ते जाणवतही नाही. कमजोरी फासा दाखवणार नाही, ती तुला दाखवायला हवी. दप्तराची पेटी उचलायची वेळ आली की कारकून आधी कोणाला तरी हाक मारतो, एवढं पुरे.

आता त्याला हवंय काय? 'प्रायश्चित्त' असं लिहिशील तर सेशनमध्ये त्याचं काही करता येणार नाही. 'ती सनद दप्तरातून काढून जाळायची' असं लिही. दप्तर कुठे आहे, चावी कोणाकडे, रात्री पहारा किती, असे प्रश्न लगेच सुचू लागतात. इच्छा अशी हवी की आज रात्रीच तिच्यासाठी एखादं पाऊल टाकता येईल.

मग तीन जिवंत माणसं. एक त्याच्यावर माया करणारं, एक ज्याचं तो देणं लागतो, एक त्याच्यावर चिडलेलं. प्रत्येकाचं नाव, राहण्याची जागा आणि त्याला कारकुनाकडून काय हवंय, हे एका ओळीत. 'पाणीगेटजवळ राहणारी मोठी बहीण; तिला वाटतं भाऊ अजून नोकरीवर आहे, म्हणून दर महिन्याला पैसे मागते.' या एका ओळीवर डीएम तीन सेशन चालवेल. हे सगळं अर्ध्या पानात बसव आणि दोन ओळी मुद्दाम कोऱ्या सोड. सनद कोणी लिहवून घेतली ते तू ठरवूच नकोस, डीएमला ठरवू दे.

दोषाच्या बाबतीत सगळ्यात जास्त गफलत होते. सोबत्यांचे खिसे कापणारा किंवा कोणाशीच न बोलणारा रोग पाचही जणांची संध्याकाळ खराब करतो, आणि वर 'माझं कॅरेक्टरच तसं आहे' हे ठरलेलं उत्तर असतं. दोष असा निवड की त्याची किंमत आधी त्यालाच मोजावी लागेल, आणि तो कधी उसळतो तेही लिहून ठेव. हा कारकून चौकशी झाली की आधी खोटं बोलतो, खरं सांगून काही बिघडणार नसलं तरी. दरवाजावर पहारेकरी नाव विचारतो, खऱ्या नावाला काही धोका नाही, तरी हा दुसरंच सांगतो. पहारेकरी ते वहीत लिहून घेतो. संध्याकाळी परतताना तेच नाव आठवावं लागतं, आणि तोवर सोबत्याने त्याला खऱ्या नावाने हाक मारलेली असते.

सोबत्यांशी नातं तर नियमांनीच जोडून दिलंय. स्नीक अटॅकचा (रोगच्या गाफील गाठून केलेल्या वाराचा) जास्तीचा सहा बाजूंचा फासा हवा असेल तर एकतर अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा) लागतो, नाहीतर शत्रूपासून पाच फुटांच्या आत आपला कोणी उभा लागतो. म्हणजे एकटा लांडगा असलेला रोग नियमांतही अर्धाच. टेबलावर फायटर (लढवय्या) कोण घेतंय ते विचार आणि पहिल्या सेशनच्या आधी दोघं मिळून ठरवा की तो तुझ्यावर भरवसा का ठेवतो.

आवाज बदलायची गरज नाही. बोलण्याची एक लकब आणि हाताची एक सवय पुरते. आपल्या बडोद्यात मराठीत मधेच गुजराती येतं, तेच वापर: घासाघीस करताना हा गुजरातीवर येतो आणि खोटं बोलताना अगदी दरबारी मराठीवर. चार सेशननंतर सोबती नुसत्या भाषेवरून ओळखतील. हाताचं म्हणशील तर अंगठ्याने तर्जनीवरची शाई पुसत राहणं.

आठ पानं नकोत याचं आणखी एक कारण आहे. पहिल्या लेव्हलला तुझे हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार सोसशील तो आकडा, रोगचे ८ आणि कॉन्स्टिट्यूशनचा १ मिळून ९. ओगर नावाच्या दांडग्या राक्षसाच्या सोट्याचा मार दोन आठ बाजूंचे फासे अधिक ४, म्हणजे २० पर्यंत जातो. १८ लागले की ९ मध्ये तू शून्यावर येतोस आणि उरलेले ९ तुझ्या एकूण पॉइंट्सइतके भरतात. मग डेथ सेव्हची, म्हणजे मरणातून वाचायचा फासा टाकण्याची, संधीही नाही, कारकून जागीच संपला. लेव्हल वाढेल तशी गोष्ट वाढव. तिसऱ्या सेशननंतर अर्धं पान पुन्हा वाच आणि जे एकदाही वापरलं गेलं नाही ते खोडून टाक.

अर्धं पान सेशनच्या आठ दिवस आधी डीएमकडे पोचव, त्याला तुझी माणसं नकाशावर बसवायला वेळ लागतो. शीट पेन्सिलनेच भर. आणि बहिणीचं नाव काय ठेवलंस ते मला आधी कळव.

तुझा,
बंड्या